नांदूर मधमेश्वरचा गाळ आणि टेलचं पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आपल्या दैनिकात जवळजवळ रोज एक ओळ असते : 'नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीच्या दिशेनं इतके क्युसेक विसर्ग.' हिवाळ्यात दुसरी ओळ येते : 'गोदावरी कालव्यांना रब्बीचं आवर्तन अमुक तारखेला.' आवर्तन म्हणजे पिकांसाठी ठरावीक दिवस सोडलेलं पाणी. आमच्या घरी या दोन्ही ओळी माझे सासरे, अण्णा, मोठ्यानं वाचतात आणि आम्ही हातातलं काम थांबवून ऐकतो. राहाता तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन आहे आणि ती उजव्या कालव्याच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. पाटाचं पाणी आमच्या चारीला, म्हणजे पाटाच्या छोट्या फाट्याला, सगळ्यांत शेवटी लागतं, कधी कधी लागतही नाही. हा पाट नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघतो, त्यामुळे ते नाव मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ऐकते आहे. पण ते ठिकाण आम्ही कुणीच पाहिलेलं नव्हतं. ज्यांनी पन्नास वर्षं त्या पाण्यावर शेती केली, त्या अण्णांनीही नाही.

या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या रविवारी, आम्ही सहाजण तिथे जाऊन आलो. अण्णा, सासूबाई, आम्ही दोघं, अकरावीतली लेक आणि पाचवीतला मुलगा. त्या एका दिवसानं आमच्या घरातलं एक जुनं भांडण वेगळ्या वळणाला लागलं. ते भांडण आमच्या एकट्या घरातलं नाही, कालव्याखालच्या प्रत्येक गावातलं आहे. म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

भांडण गाळाचं. 'बंधारा गाळानं भरलाय, तो उपसा, मग बघा टेलला पाणी कसं येत नाही ते,' हे अण्णांचं वाक्य आमच्या मुलालाही पाठ आहे. पाराजवळ बसणाऱ्या त्यांच्या बरोबरीच्या सगळ्यांचं हेच म्हणणं. लेकीनं दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या मैत्रिणीकडून ऐकलं की त्याच बंधाऱ्यावर थंडीत हजारो पक्षी येतात. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या गाळात बदकं राहतात म्हणे." अण्णा म्हणाले, "राहू दे. मला पाटाचं तोंड बघायचंय." एकाला पाट बघायचा, एकीला पक्षी, आणि दोन्ही एकाच जागी. गाडी ठरली.

पहाटे चारला निघालो. कोपरगाव, येवला, विंचूर करत निफाड तालुक्यात शिरलो तेव्हा काचेवर आतून दव धरलं होतं. थंडीच्या दिवसांत राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचं आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं नाव का येतं, ते त्या पहाटे हाडांना कळलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि बागांमध्ये ठिकठिकाणी शेकोट्या पेटलेल्या. मुलाला वाटलं माणसं शेकत बसली आहेत. अण्णांनी गाडी थांबवायला लावली आणि त्याला समजावून सांगितलं, की हा शेक माणसांसाठी नाही, घडांसाठी आहे. पारा फार उतरला तर मणी तडकतात, वर्षाचं पीक एका रात्रीत जातं. धूर बागेवर गोधडीसारखा पसरला होता. ज्यांनी त्या शेकोट्या पेटवल्या असतील ते रात्रभर झोपले नसणार, हे सांगताना अण्णांचा आवाज जरा बदलला. पाण्याच्या पाळीसाठी त्यांनीही अशा कितीतरी रात्री दारं धरत काढल्या आहेत.

चापडगावला पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्याचा हा पक्षी बघायचा मुख्य भाग. वनविभागानं निरीक्षण मनोरे बांधले आहेत आणि आसपासच्या गावांतली मुलं गाइड म्हणून काम करतात. आम्हाला भेटलेला तरुण चापडगावचाच, घरची दीड एकर शेती असलेला. खांद्यावर तिकाटण्यासकट दुर्बीण. सासूबाईंना मनोऱ्याच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, तर त्यानं बांधावर दुर्बीण लावून तिची उंची त्यांच्या डोळ्यांपर्यंत उतरवून दिली.

आधी काहीच दिसत नव्हतं. पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यातून नुसता आवाज येत होता. शिट्ट्या, कुजबुज, मधेच फडफड, मधेच पाण्यावरून कुणी धावल्यासारखा चपचप आवाज. मुलगा माझा हात घट्ट धरून उभा होता. मग ऊन आलं आणि धुकं तळापासून उचललं गेलं. आम्हाला वाटत होतं तो पाण्यातला काळा कचरा आहे, ते सगळे पक्षी निघाले. मी अठरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पाचवीला पक्ष्यांचं स्थलांतर शिकवताना फळ्यावर बाण काढते, उत्तरेकडून दक्षिणेकडे. त्या बाणांच्या टोकाशी मी त्या सकाळी पहिल्यांदा उभी होते.

काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले शेकडो पक्षी समोर तरंगत होते. गाइड म्हणाला, "हे वारकरी." अण्णा दरवर्षी निवृत्तीनाथांच्या दिंडीबरोबर पंढरपूरला जातात. त्यांनी दुर्बिणीला लावलेला डोळा काढलाच नाही, नुसतं "खरंच की" म्हणाले. सासूबाईंना आवडलं ते हळदी-कुंकू बदक. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके, म्हणून हे नाव. हे मात्र बारमाही इथलं, परदेशी पाहुणं नाही. शेपटीला लांब टोक असलेली तलवार बदकं, रुंद चोचीचे थापटे, पांढऱ्या भुवईची भुवई बदकं ही मध्य आशिया, सायबेरियाकडून आलेली. एका उंचवट्यावर केशरी-तपकिरी चक्रवाकांची जोडी होती. लडाख-तिबेटच्या बाजूला त्यांची वीण होते. जोडीनं दिवसभर एकत्र राहायचं आणि रात्री दोन काठांवरून एकमेकांना हाका मारायच्या, ही चक्रवाकांची गोष्ट सासूबाईंनी कीर्तनात ऐकलेली. पक्षी खराच असतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्या बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

जांभळ्या पाणकोंबड्या होत्या, कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी होते, चमच्यासारखी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चाललेले चमचे होते. सगळी नावं इथे लिहीत नाही. २५०हून अधिक जातींच्या पक्ष्यांची या जागी नोंद आहे, आणि लेकीनं तिच्या वहीत त्यातली एकेचाळीस टिपली आहेत.

आता मुद्द्यावर येते.

सुमारे शंभर पावलांवर शेकाट्या उभे होते. लाल, काडीसारखे लांब पाय. अण्णांनी गाइडला विचारलं, "हा मध्येच उभा कशावर आहे?" तो म्हणाला, "जमिनीवर, बाबा. पाणी एवढंच आहे तिथं." आणि हातानं वीतभर खूण केली. अण्णांनी पुढं बघितलं. तलवार बदकं डोकं खाली, शेपटी वर करून तळाचं खात होती. त्यांना बुडी मारायची गरज नसते, मान पोचेल इतकंच पाणी लागतं. फूट-दीड फूट. चमच्यांना त्याहून कमी. चिखलात चोची खुपसत हिंडणाऱ्या तुताऱ्यांना तर नुसती ओल. म्हणजे समोरचे ते हजारो जीव ज्याच्यावर उतरले होते, तो तळाशी साचलेला गाळच होता. तोच गाळ, ज्याला आम्ही पन्नास वर्षं शिव्या घातल्या.

गाइडनं मग सगळं सांगितलं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिशांच्या काळात, १९०७च्या सुमारास, हा बंधारा बांधायला घेतला तो आपल्या कोपरगाव-राहात्याच्या दुष्काळी पट्ट्याला पाट काढण्यासाठी. पक्षी कुणाच्या मनातही नव्हते. दोन्ही नद्यांनी दर पुरात माती आणली, बंधाऱ्यामागे ती बसत गेली, उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या, आणि पक्षी आपणहून आले. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली इथे येऊन गेले होते आणि राजस्थानातल्या भरतपूरच्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून महाराष्ट्राचं भरतपूर म्हणून ही जागा ओळखली जाऊ लागली. १९८६मध्ये अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२०मध्ये बातमी आली की रामसरच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर. हे मी शिक्षिका असून मला माहीत नव्हतं, याची मला लाज वाटली.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी असं काही विचारलं, जे मला सुचलं नसतं. "मग आमचं पाणी साठतं कुठं?" याचं उत्तर त्यांना ठाऊकच होतं, फक्त दोन गोष्टी एकत्र ठेवलेल्या नव्हत्या. आपलं पाणी गंगापूर, दारणा, मुकणे अशा वरच्या धरणांत साठतं. आवर्तन म्हणजे तिथून नदीत सोडलेलं पाणी. हा बंधारा ते पाणी अडवून पातळी उंचावतो आणि दोन्ही पाटांच्या तोंडात घालतो. साठवण्याचं त्याचं काम आधीही थोडंच होतं. तेव्हा टेलला पाणी न येण्याचं कारण बंधाऱ्याच्या गाळात शोधावं की वाटेतल्या फुटक्या अस्तरात, गवत माजलेल्या चाऱ्यांत, मोडक्या दारांत? अण्णा म्हणाले, "आपण तोंडाला बोट लावत होतो, दुखणं पोटात आहे."

पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या काळ्याभोर जमिनीत आपले शेतकरी पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. परत निघताना अण्णा मुलाला सांगत होते, "हे पाखरांचं गाळपेर आहे बघ."

पण एवढ्यावर थांबून 'गाळाला हात लावू नका' असं मी लिहिलं तर ते खरं होणार नाही. तिथेच दुसरी बाजूही ऐकली. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सायखेडा, चांदोरी ही गावं आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा तिथल्या घरांत, बाजारपेठेत पाणी शिरलं. पाणी तुंबतं ते गाळामुळे आणि जलपर्णीमुळे, असं तिथले लोक म्हणतात, आणि ज्याच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलंय त्याला बदकांची गोष्ट सांगायला मी कुठल्या तोंडानं जाऊ? बेसावधपणे ठरवायचा हा विषय नाही, एवढंच कळतं. दाराजवळचा आणि पाटाच्या तोंडाशी साचलेला गाळ काढणं वेगळं, आणि शंभर वर्षांत तयार झालेली उथळ पाणथळ जेसीबीनं खरवडून तिथे खोल डोह करणं वेगळं. पाहुणे पक्षी मार्च-एप्रिलपर्यंत परततात. त्यानंतर पाऊस येईपर्यंत कामाला जागा मिळते. इथलेच राहणारे कमळपक्षी, पाणकोंबड्या पावसाळ्यात अंडी घालतात, तेही धरून चालावं लागेल. कुठला गाळ, किती, कधी, हे जलसंपदा आणि वनविभाग यांनी एकत्र बसून, नकाशा पुढ्यात ठेवून ठरवावं आणि दोन्हीकडच्या गावांना सांगावं.

जलपर्णीबद्दल मात्र माझ्या मनात अजिबात दुमत नाही. एका बाजूचं पाणी दिसतच नव्हतं, नुसता हिरवा गालिचा. ती वाढते सांडपाण्यावर, आणि ते सांडपाणी वरच्या शहरांचं, गावांचं आहे. दुपारी वारा फिरला तेव्हा वास आला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "ही गंगा ना?" त्यांच्या लेखी गोदावरी म्हणजे गंगाच. त्या बाईला मी काय उत्तर देणार होते? हेच पाणी पुढं आमच्या पाटात येतं, आमच्या गावाच्या साठवण तलावात येतं आणि शुद्ध होऊन आमच्या हंड्यात येतं. पक्षी ते तिथेच पितात.

आणखी एक प्रसंग सांगायला हवा. सकाळी नऊच्या सुमाराला एक दलदल ससाणा पाण्यावरून खालून गेला. सगळे पक्षी एकदम उठले. आभाळ भरलं, आवाजानं छाती दडपली, आणि तीन-चार मिनिटांत सगळे जिथल्या तिथे उतरले. तासाभरानं पलीकडच्या काठावरून कुणीतरी ड्रोन उडवला. पुन्हा सगळे उठले. या वेळी ते गोल फिरत वर वर गेले आणि लांबच्या टोकाला निघून गेले. आम्ही दीड वाजेपर्यंत होतो. समोरचं पाणी रिकामंच राहिलं. गाइड पळत पलीकडे गेला होता. परत आला तेव्हा म्हणाला, लग्नाआधीचे फोटो काढायला आले होते, हात जोडल्यावर गेले. परवानगीशिवाय अभयारण्यात ड्रोन उडवता येत नाही हे त्यांना माहीत नसेलही. पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला अंगावर चरबी धरायला हे थोडेच महिने मिळतात, मग त्याला तेवढंच परत जायचं असतं. आम्ही टेलचे लोक आहोत. शेवटच्या माणसाची पाळी वरच्यानं मोडली की काय होतं ते आम्हाला सांगावं लागत नाही.

बाजरीच्या भाकरी, तिळाची चटणी, मेथीची भाजी बांधून नेली होती, ती गाइडच्या शेताच्या बांधावर खाल्ली. त्याच्या आईनं ताक दिलं, पैसे घेतले नाहीत. हंगामात रोज चार-पाचशे रुपये सुटतात, असं तो म्हणाला, पण हंगाम तीन-चार महिन्यांचाच, त्यामुळे उरलेलं वर्ष तो द्राक्षाच्या छाटणीला, डिपिंगला (घड द्रावणात बुडवायच्या कामाला) जातो. त्याचे डोळे आणि त्याचं पाठांतर पाहून मला वाटलं, याला वर्षभराचं मानधन देऊन आमच्यासारख्या शाळांमध्ये पाठवलं पाहिजे. आम्ही शाळेच्या सहली वॉटर पार्कला नेतो. दोन वर्षांपूर्वी मीही नेली. पुढच्या डिसेंबरात आमची सहावी-सातवी चापडगावला येणार आहे, मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. कालव्याखालच्या बाकीच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, की त्यांनीही हा विचार करावा. पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांनी पाटाचं उगमस्थान पाहिलेलं असावं.

शेवटी आम्ही बंधाऱ्यावर गेलो, नांदूर मधमेश्वर गावात. आवर्तन सुटायचं होतं, त्यामुळे उजव्या कालव्याचं तोंड बंद होतं आणि पाट कोरडा. अण्णा जुन्या दगडी बांधकामाजवळ बसले. पायातली चप्पल काढून ठेवली. तळहातानं दगड चाचपून पाहिला, जसा ते बैलाची पाठ चाचपायचे. मग मला म्हणाले, "मास्तरीण, लिहून घे."

त्यांनी सांगितलं ते त्यांच्या शब्दांत आपल्यापुढे ठेवते. दर हंगामाआधी कालवा सल्लागार समितीची बैठक होते. त्यात कुणाला किती आवर्तनं, किती दिवस, याची चर्चा होते. ऊसवाले, फळबागवाले, पिण्याच्या पाण्याच्या योजना, सगळ्यांची नावं निघतात. त्या बैठकीत बंधाऱ्यावरच्या पाणथळीसाठीही एक ओळ असावी. डिसेंबर ते फेब्रुवारी पाण्याची पातळी एकदम चढवायची नाही आणि एकदम तळाला न्यायची नाही. फार चढली तर चराऊ जागा बुडतात, फार उतरली तर कुत्री आणि माणसं बेटांपर्यंत चालत जातात. त्यासाठी आमचं पाणी तोडावं लागेल असं नाही. सोडण्याची वेळ आणि बेत जरा जपून करावा लागेल. वनविभागाचा माणूस त्या बैठकीला बोलवावा. आणि लाभधारक म्हणून टेलच्या शेतकऱ्यानं हे मागितलं आहे, असं इतिवृत्तात लिहावं, म्हणजे 'पक्षी की शेतकरी' असं कुणी म्हणणार नाही.

मी विचारलं, "अण्णा, बैठकीत तुम्हाला बोलू देतील?" ते म्हणाले, "पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरतो, पाणीपट्टी भरतो. का नाही बोलू देणार?"

पुढच्या बैठकीची तारीख आपल्या दैनिकात नेहमीप्रमाणे येईलच. या वेळी ती चार दिवस आधी छापता आली तर फार उपकार होतील. अण्णांना राहात्याहून जायला एसटी बघावी लागते.

आपली नम्र,
एक शिक्षिका व लाभधारक शेतकरी कुटुंबातील वाचक
ता. राहाता, जि. अहिल्यानगर